आंखलेला पडदा व लिहिलेला पडदा

मोबाईलवरील कोणतेंही ॲप उघडलें म्हणजे आपल्यासमोर एकामागून एक पडदे येतात. एका पडद्यावर नांवांची यादी असते, दुसऱ्यावर एखादें चित्र व त्याखालीं चार ओळी, तिसऱ्यावर कांहीं लिहावयास रिकामा चौकोन. हे पडदे कोणीं व कसे सिद्ध केले हा प्रश्न वापरणाऱ्यास पडत नाहीं, व पडण्याचें कारणही नाहीं. परंतु ज्यांस ही विद्या शिकावयाची आहे त्यांस तो पहिल्याच आठवड्यांत गांठतो. आणि त्याचें अर्धवट उत्तर हातीं घेऊन पुष्कळ विद्यार्थी पुढें जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पडदा सिद्ध करण्याच्या रीती दोन. पहिली आंखण्याची. संगणकावर एक कोरा पडदा समोर येतो. बाजूच्या पेटींतून बटण, लेबल, यादी, चित्राची चौकट हीं उचलून त्यावर मांडावयाचीं, ओढून लहानमोठीं करावयाचीं, त्यांस रंग द्यावयाचा. दुसरी रीत लिहिण्याची. येथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. 'एक बटण कर, तें डाव्या कडेपासून १६ बिंदूंवर ठेव, त्यावर अमुक शब्द घाल' अशा आज्ञा ओळीओळीनें लिहावयाच्या, आणि ॲप चालविल्यावर काय घडलें तें पाहावयाचें. या दोहोंत श्रेष्ठ कोणती यावर धंद्यांतील मंडळी हिरिरीनें भांडतात. तें भांडण आपण तूर्त बाजूस ठेवूं. कारण प्रत्यक्षांत बहुतेक ॲपांत दोन्ही रीती एकत्र नांदतात. जुने पडदे आंखलेले असतात, नवे लिहिलेले. किंवा एका सोबत्यास आंखणी आवडते व दुसऱ्यास लेखन. तेव्हां खरा प्रश्न जोडाचा आहे. आंखलेल्या पडद्यावरून लिहिलेल्यावर कसें जावें, लिहिलेल्यावरून आंखलेल्यावर कसें यावें, आणि मध्यें ॲप कोसळूं नये म्हणून काय सांभाळावें, हें येथें पाहावयाचें आहे.

उदाहरण म्हणून असें समजूं कीं, शाळेच्या ग्रंथालयासाठीं आयपॅडवर चालणारें एक लहानसें ॲप करावयाचें आहे. पहिल्या पडद्यावर पुस्तकांची यादी. एका नांवावर बोट ठेवलें कीं दुसऱ्या पडद्यावर त्या पुस्तकाचा परिचय. आणि तिसऱ्यावर पुस्तक कोणीं नेलें व केव्हां परत यावयाचें त्याची नोंद. मधल्या सुटींत वीस मुलें रांगेंत उभीं असतांना तिसरा पडदा उघडतांच ॲप बंद पडलें, तर ज्यानें तें लिहिलें तो तेथें नसतो. ग्रंथपाल असतात, आणि त्यांच्या हातीं पुन्हां जुनी नोंदवही घेण्यापलीकडे उपाय नसतो. जोडाच्या चुका अशाच वेळीं उघडकीस येतात, हें त्यांचें विशेष लक्षण. कां, तें पुढें येईलच.

आंखणीच्या साधनाचें नांव इंटरफेस बिल्डर. त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ जाँ-मारी हुलो (१९५४–२०१९) यांनीं १९८० नंतरच्या दशकांत लिस्प भाषेच्या साहाय्यानें असें एक साधन रचलें, कीं ज्यांत खिडक्या व बटणें कोड न लिहितां मांडतां येत. स्टीव्ह जॉब्स यांनीं तें पाहिलें व हुलो यांस आपल्या नेक्स्ट कंपनींत घेतलें. १९८८ सालीं नेक्स्टचा संगणक लोकांपुढें आला तेव्हां इंटरफेस बिल्डर त्याबरोबर होता. १९९० सालीं स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जगांतील पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्याच संगणकावर. १९९६ च्या अखेरीस ॲपल कंपनीनें नेक्स्ट विकत घेण्याचें जाहीर केलें आणि हें साधन ॲपलच्या घरांत आलें. पुढें २००८ सालीं आयफोनसाठीं ॲपें लिहिण्याची मुभा सर्वांस मिळाली तेव्हां तेंच साधन नव्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडलें. आंखलेला पडदा ज्या फाइलींत साठवितात तिला 'निब' म्हणतात. हा टाकाचा निब नव्हे! 'नेक्स्ट इंटरफेस बिल्डर' या तीन शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. कंपनी गेली, पण तिचें नांव फाइलीच्या शेंपटावर राहिलें. २०११ सालीं अनेक पडदे व त्यांमधील वाटा एकाच फाइलींत मांडण्याची सोय झाली; तिला स्टोरीबोर्ड म्हणतात.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आपण बटण आंखलें म्हणजे तें साधन आपल्या वतीनें गुपचूप कोड लिहून ठेवतें. ही समजूत चुकीची आहे, आणि पुढील बहुतेक घोटाळे तिच्यांतूनच जन्मतात. इंटरफेस बिल्डर कोड लिहीत नाहीं. तो वस्तु वाळवून ठेवतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत कुरडया घालतात. त्या करतांना त्यांचा आकार, मीठ, जाडी सर्व ठरून जातें. मग त्या वाळवून डब्यांत भरतात, आणि पाहुणे आले म्हणजे तेलांत सोडतात. डब्यांत असतें तें वाळवण; पाककृतीचा कागद नव्हे. त्याप्रमाणें निब फाइलींत बटण, लेबल, त्यांचे रंग, जागा व परस्परसंबंध वाळवून ठेवलेले असतात, आणि ॲप चालूं असतां तो पडदा लागला कीं ते पुन्हां फुलविले जातात. कोडमधून नवें बटण करतांना जी आरंभक्रिया होते ती निराळी, आणि वाळवणांतून बटण फुलतांना होते ती निराळी. दृश्य वस्तूच्या बाबतींत पहिलीला 'इनिट फ्रेम' व दुसरीला 'इनिट कोडर' असें नांव आहे. एकाच वस्तूला जन्मण्याचे हे दोन दरवाजे ज्यानें ओळखले, त्याचें अर्धें काम झालें.

वाळवणाला आपल्या लेखी कोडशीं जोडणारें साधन एकच, तें म्हणजे नांव. पहिलें नांव वर्गाचें. (शाळेच्या वार्षिकांत हा शब्द पाहून कोणी गोंधळूं नये, येथें वर्ग म्हणजे एकाच जातीच्या वस्तूंचा लेखी नमुना.) यादीचा पडदा आंखून झाला, पण त्यास बुद्धि द्यावयाची आहे, ती बुद्धि आपण एका वर्गांत लिहिली. मग आंखलेला पडदा निवडून त्याच्या ओळखीच्या रकान्यांत त्या वर्गाचें नांव घालावयाचें. स्विफ्ट भाषेंत वर्गाच्या पूर्ण नांवांत तो ज्या ॲपाच्या विभागांतला आहे त्या विभागाचें, म्हणजे मोड्यूलचें, नांवही धरलेलें असतें, म्हणून शेजारचा मोड्यूलचा रकानाही बरोबर असावा लागतो. तो चुकला तर पडदा दिसतो, पण निर्जीव. कारण वर्ग न सांपडल्यामुळें मूळच्या साध्या वर्गाची वस्तु त्याच्या जागीं उभी केली जाते. एक ओळ तक्रारीची छापली जाते खरी, पण ती वाचतो कोण?

दुसरीं नांवें आउटलेट व ॲक्शन यांचीं. आउटलेट म्हणजे कोडमधून आंखलेल्या वस्तूकडे जाणारा धागा. पुस्तकाचें नांव दाखविणारें लेबल आंखलेलें आहे. त्यांत शब्द भरावयाचे तर कोडला तें सांपडलें पाहिजे, म्हणून वर्गांत एक आउटलेट लिहून तो त्या लेबलाशीं ओढून बांधावयाचा. ॲक्शन हा उलट दिशेचा धागा: बटण दाबलें म्हणजे वर्गांतील अमुक क्रिया चालवावी. एक्सकोडमध्यें कोडच्या ओळीशेजारीं एक वर्तुळ असतें. धागा बांधला असेल तर तें भरलेलें दिसतें, नसेल तर पोकळ. फार लहान खूण, परंतु मोठ्या कामाची.

आतां या धाग्यांचा स्वभाव पाहा. समजा, आपण लेबलाच्या आउटलेटला प्रथम 'नांव' म्हटलें, आणि पुढें पुस्तकाचें व लेखकाचें नांव यांत घोटाळा होऊं लागला म्हणून कोडमध्यें तें बदलून 'पुस्तकनांव' केलें. कंपायलर संपूर्ण कोड वाचतो, सर्व ठिकाणीं नवें नांव आहे असें पाहतो, आणि समाधानानें मान डोलावतो. परंतु वाळवणांतील धाग्यावर चिठ्ठी जुनीच आहे. पडदा फुलतांना यंत्रणा त्या वर्गाकडे 'नांव' या नांवाची जागा मागते. तशी जागा आतां नाहीं. आणि ॲप जागच्या जागीं बंद पडतें. बंद पडतांना जो संदेश छापला जातो त्याचा भावार्थ इतकाच कीं, हा वर्ग या नांवाच्या बाबतींत 'की-व्हॅल्यू कोडिंग' पाळीत नाहीं. नवशिक्याला त्यांतून कांहींच बोध होत नाहीं व तो आपल्या नव्या ओळींत चूक शोधीत बसतो. चूक कोडमध्यें नाहींच. ती आंखणींत लोंबत राहिलेल्या जुन्या धाग्यांत आहे. त्या पडद्याच्या जोडण्यांची यादी उघडावी, पिवळ्या त्रिकोणाची खूण असलेला धागा तोडावा, नवा बांधावा. दोन मिनिटांचें काम. नांव बदलावयाचेंच असेल तर हातानें न बदलतां एक्सकोडच्या पुनर्नामकरणाच्या आज्ञेनें बदलावें; ती आंखणीचीही दखल घेते.

सूचीच्या पडद्यावरून परिचयाच्या पडद्यावर जातांना आणखी एक फसगत ठरलेली. विद्यार्थी परिचयाचा पडदा निर्माण करतो व लगेच पुढच्या ओळींत त्याच्या लेबलामध्यें पुस्तकाचें नांव भरूं पाहतो. ॲप कोसळतें. कारण असें कीं, पडद्याचा नियंत्रक निर्माण झाला तरी त्याचें दृश्य तोंवर फुललेलें नसतें. कोणी मागेपर्यंत यंत्रणा तें तेलांत सोडीतच नाहीं. आउटलेट तोंवर रिकामे. म्हणून माहिती लेबलास न देतां नियंत्रकास द्यावी, आणि दृश्य फुलल्यावर जी क्रिया आपोआप चालते, म्हणजे 'व्ह्यू डिड लोड', तींत नियंत्रकानें ती माहिती स्वतः लेबलांत भरावी. पाहुणा आला नसतां त्याच्या पानांत वाढूं नये, एवढेंच.

आतां लिहिलेल्या पडद्यावरून आंखलेल्या पडद्यावर जाणें. येथें सर्वांत सामान्य गैरसमज हा कीं, वर्गाचें नांव लिहून पुढें रिकामा कंस घातला म्हणजे आपला आंखलेला पडदा मिळतो. मिळते ती वर्गाची कोरी वस्तु. स्टोरीबोर्डाचा तिला पत्ताच नसतो. पडदा काळा दिसतो, किंवा पहिल्याच रिकाम्या आउटलेटपाशीं सर्व संपतें. योग्य मार्ग असा: आंखलेल्या पडद्यास स्टोरीबोर्डांत एक ओळखनांव द्यावें, कोडमध्यें प्रथम स्टोरीबोर्ड मागवावा, मग त्याच्याजवळ त्या ओळखनांवाचा नियंत्रक मागावा, आणि जो मिळेल तो आपल्याच वर्गाचा आहे कीं नाहीं हें तपासून मग वापरावा. ओळखनांव म्हणजे केवळ अवतरणचिन्हांतील अक्षरें. त्यांत एक अक्षर चुकलें तरी कंपायलर मौन पाळतो व ॲप तेथें पोंचल्यावर पडतें. यास्तव बरेच जाणते लोक ओळखनांव हें वर्गाच्या नांवासारखेंच ठेवतात, म्हणजे स्मरणशक्तीवर भार नको. २०१९ सालच्या आयओएस १३ पासून एक चांगली सोय झाली आहे: स्टोरीबोर्डाकडून नियंत्रक मागतांना त्याची आरंभक्रिया आपण स्वतः लिहूं शकतों, व पुस्तकाची माहिती जन्मतःच त्याच्या हातीं देऊं शकतों. पूर्वीं ती मागाहून द्यावी लागे, आणि द्यावयाची राहिली तर कोणी सांगत नसे. माझ्या मतें या सोयीचा उपयोग करतात त्याहून अधिक व्हावयास हवा.

पडदा एकेकट्या झिब फाइलींत (निबचेंच हें वाचतां येण्याजोगें रूप) आंखलेला असेल तर रीत थोडी सोपी. फाइलीचें नांव वर्गाच्या नांवाप्रमाणें ठेवलें तर रिकाम्या कंसानेंही ती सांपडते. मात्र 'फाइल्स ओनर' या रकान्यांत आपल्या वर्गाचें नांव घालून त्याचा 'व्ह्यू' हा आउटलेट मुख्य दृश्याशीं बांधणें विसरूं नये.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे आंखलेल्यावरून लिहिलेल्यावर, वरकरणीं सोपा दिसतो. आंखलेल्या बटणाच्या ॲक्शनमध्यें नोंदीच्या लिहिलेल्या पडद्याची वस्तु करावयाची आणि मार्गदर्शक नियंत्रकाला ती पुढें ढकलावयास सांगावयाचें. दोन ओळींचें काम. परंतु कोणास असें वाटतें कीं, स्टोरीबोर्डाच्या नकाशावर हा पडदाही दिसावा, वाटेचा बाण त्याकडे जावा. म्हणून तो तेथें एक रिकामा पडदा मांडतो व त्यास लिहिलेल्या वर्गाचें नांव देतो. ही युक्ति उत्तम आहे. पण येथें दुसरा दरवाजा आडवा येतो. लिहिणाऱ्यानें तो वर्ग केवळ कोडमधून निर्माण होईल अशा समजुतीनें लिहिलेला असतो. त्यानें स्वतःची आरंभक्रिया लिहितांच कंपायलरनें 'इनिट कोडर'ही लिही असा आग्रह धरलेला असतो, आणि एक्सकोडनें पुढें केलेला तयार तुकडा त्यानें न वाचतां स्वीकारलेला असतो. त्या तुकड्याचा अर्थ काय? 'या दरवाजानें कोणी आलें तर ॲप ठार करावें.' महिनोन्‌महिने त्या दरवाजानें कोणी येत नाहीं. एके दिवशीं सोबत्यानें पडदा स्टोरीबोर्डावर मांडला कीं बाहेरून सर्व ठीक दिसतें आणि पहिल्याच स्पर्शाला ॲप जातें. दोष आंखणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचाही पूर्णपणें नव्हे. दोघांत हा दरवाजा उघडा ठेवावयाचा कीं बंद हें ठरलें नव्हतें. उघडा ठेवावयाचा तर सर्व मांडणी एका स्वतंत्र क्रियेंत लिहावी व दोन्ही आरंभक्रियांतून तीच बोलवावी. बंद ठेवावयाचा तर त्या आरंभक्रियेवर 'अनुपलब्ध' असें चिन्ह लावावें आणि सोबत्यांस तोंडी सांगावें; कारण तें चिन्ह कोडमधून येणाऱ्यास अडवितें, वाळवणांतून येणाऱ्यास नव्हे. आणखी एक: नियंत्रकाच्या वर्गांत 'लोड व्ह्यू' ही क्रिया आपण नव्यानें लिहिली असेल तर स्टोरीबोर्डांत त्या पडद्यावर आंखलेलें दृश्य मुळींच वापरलें जात नाहीं. कित्येकांनीं अशा पडद्यावर तासभर रंग बदलीत बसण्याचा पराक्रम केलेला आहे.

अँड्रॉइडकडे प्रकार याच जातीचा, पण स्वभाव निराळा. तेथें आंखणी एक्सएमएल फाइलींत राहते व पडद्याचा कोड ती फुलवितो. २०२० पासून उपलब्ध झालेल्या 'व्ह्यू बाइंडिंग'मुळें आंखणींतील नांवें कोडमध्यें कंपायलरला दिसतात, व चुकीचें नांव ॲप बनण्यापूर्वींच पकडलें जातें. या बाबतींत तें घर अधिक शिस्तीचें आहे असें म्हणावें लागेल.

आयफोनच्या घरांत ही शिस्त आपली आपण लावावी लागते. एक साधा उपाय सांगतों. ॲपाबरोबर एक लहान चाचणी लिहावी: प्रत्येक ओळखनांवाचा नियंत्रक मागवावा, 'लोड व्ह्यू इफ नीडेड' या आज्ञेनें त्याचें दृश्य बळेंच फुलवावें, आणि आउटलेट रिकामे नाहींत हें पाहावें. लिहावयास अर्धा तास लागतो. तुटलेला धागा मग आपल्या टेबलावर सांपडतो. ग्रंथपालांच्या टेबलावर नव्हे.

दोघांतिघांनीं मिळून काम करावयाचें असल्यास एक गोष्ट आरंभींच ठरवावी. स्टोरीबोर्ड ही आंतून एक्सएमएलची लांबलचक फाइल असते. दोघांनीं एकाच दिवशीं तींत हात घातला तर दोन प्रती जुळवितांना कोणती ओळ कोणत्या बटणाची हें माणसाला वाचून ठरवितां येत नाहीं. कधीं कधीं फाइल उघडेनाशी होते. कोडमधील भांडण वाचून मिटवितां येतें, आंखणींतील बहुधा नाहीं. म्हणून एक मोठा स्टोरीबोर्ड न ठेवतां विषयवार लहान करावे. २०१५ पासून एका स्टोरीबोर्डांतून दुसऱ्याकडे निर्देश करतां येतो. जो पडदा वारंवार बदलणार, किंवा ज्यांत माहितीप्रमाणें चौकोन कमीजास्त होणार, तो लिहावा. जो एकदां बसविला कीं वर्षभर तसाच राहणार तो आंखावा. हा माझा कल आहे, नियम नव्हे.

मराठी ॲप करणाऱ्यास आणखी एक अनुभव येतो. आंखतांना लेबलांत सवयीनें इंग्रजी शब्द घातलेला असतो व चौकट त्या मापाची, ठराविक उंचीची ठेवलेली असते. मग मराठी शब्द आला कीं वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो; 'पुस्तकें' मधील मात्रा व अनुस्वार गेले तर राहिलें काय? उंचीचा आंकडा न ठोकतां, २०१२ पासून आयफोनवर असलेल्या 'ऑटो लेआउट'च्या नियमांनीं लेबलाला आपल्या मजकुराप्रमाणें वाढूं द्यावें. भाषांतराच्या फाइलींतही दोन रीतींचा फरक दिसतो: लिहिलेल्या पडद्यांतील शब्दांना आपण दिलेली खूण असते, तर आंखलेल्या पडद्यांतील शब्दांना साधनानें स्वतः दिलेला अक्षरांकांचा क्रमांक. बटण पुसून तसेंच दुसरें आंखलें तर क्रमांक बदलतो, आणि जुनें मराठी भाषांतर निराधार होऊन बटण पुन्हां इंग्रजी बोलूं लागतें.

२०१९ सालीं ॲपलनें 'स्विफ्ट-यूआय' ही तिसरी रीत पुढें आणली. तींत पडदा लिहावयाचाच असतो, पण थोडक्या शब्दांत, आणि शेजारीं त्याचें चित्र लगेच दिसतें. आंखणी व लेखन यांतील भिंत तिनें पुष्कळशी पातळ केली. तरी जुन्या पडद्यांशीं जोड घालण्याचें काम उरतेंच. नव्या रीतीचा पडदा जुन्या स्टोरीबोर्डावर बसवावयाचा तर त्याला 'होस्टिंग कंट्रोलर' नांवाच्या चौकटींत घालावा लागतो; स्टोरीबोर्डांत ती चौकट मांडावयाची, तिच्याकडे जाणाऱ्या बाणास आपल्या वर्गांतील एक क्रिया बांधावयाची, आणि त्या क्रियेंत चौकटीच्या हातीं आपला नवा पडदा द्यावयाचा. तो देतांना जी आरंभक्रिया बोलवावी लागते तींत दोन गोष्टी मागितल्या जातात: एक आपला नवा पडदा, आणि दुसरा तोच जुना कोडर.